बिनफोडणीचे दिवस

आधी नाव सांगतो, मग बाकीचं. रूथबाई. कोल्हापुरात शाहूपुरीच्या मागच्या अंगाला एका चिंचोळ्या गल्लीत राहतात. जन्मभर नर्स होत्या, म्हणून गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणते. मी नुसतं बाई म्हणतो. त्यांनी माझा जीव वाचवला असं मी कुणाला सांगायला लागलो की बाई मधेच तोडतात. "कांजिण्यांनी कोण मरतंय रे. उगं मोठं करून सांगू नको." खरं आहे, कांजिण्यांनी मी मेलो नसतो. कशानं मेलो असतो ते मात्र बाईंना तोंडावर कधी सांगता आलं नाही. म्हणून लिहितोय.

आज सकाळी कामावर निघालो तर शेजारच्या दाराला कडुनिंबाची डहाळी लावलेली. आत लहान मूल रडत होतं. फाल्गुन संपत आलाय, कडुनिंबाला बारीक पांढरा मोहोर आलाय, आणि गल्लीतली धाव्वीची पोरं हातात पॅड घेऊन पेपरला निघालीत. गुऱ्हाळांचा गोडूस वास आता विरत चाललाय. दर वर्षी हे सगळं एकदमच येतं, आणि दर वर्षी माझी पाठ खाजते. बायको म्हणते, "घामोळं असंल." मी हाव म्हणतो. घामोळं नाही हे तिला पण ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मोबाईल नव्हते. गल्लीच्या तोंडाला एसटीडीचा पिवळा बूथ होता, पण आमच्या गावात फोनच नव्हता, मग लावणार कुणाला. माझं गाव हिंगोलीच्या पलीकडं. कोल्हापूरहून निघालं की एक अख्खी रात्र आणि अर्धा दिवस एसटी, तेव्हा कुठं गावचा फाटा. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. सहामाहीची परीक्षा दिली, वार्षिकला गेलोच नाही. पुढं मामाच्या ओळखीनं कोल्हापुरात फौंड्रीत लागलो. वाळूचे साचे करायचे, त्यात लोखंडाचा रस ओततात. काम जमत होतं. जमत नव्हतं ते बाकीचं. मी जात्याच भित्रा. इथं माणसं साधं बोलली तरी भांडतायत असं वाटायचं. खोलीवर आम्ही चौघं होतो. त्यातला बाळू गडहिंग्लजकडचा, तोंडानं फटकळ. मी हाव म्हटलं की तो सगळ्यांना गोळा करायचा. "ऐका ऐका, आमचं पावणं हाव म्हणतंय. व्हय म्हण की लेका, जीभ झिजती का?" मी हसायचो आणि रात्री पांघरुणात व्हय म्हणायची प्रॅक्टिस करायचो.

तो फाल्गुन असाच होता. दोन दिवस कणकण होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळूनं माझ्या गळ्याकडं बोट केलं आणि तो दोन पावलं मागं सरला. नेहमी तोंड न मिटणारा माणूस गप्प झाला, त्याचंच मला जास्त भ्या वाटलं. आरशात पाहिलं. गळ्यावर, कानामागं, पाण्यानं भरलेले फोड.

घरमालक आण्णा खाली उभे राहूनच बोलले. वाईट माणूस नव्हे. "हे बघ पावणं, राग मानू नगंस. माझ्या पोरीची धाव्वीची परीक्षा हाय सोमवारपास्नं. तिला काय झालं तर वरीस जातंय तिचं. तू गावाकडं जाऊन ये. बरा होऊन ये, खोली तुझीच हाय." त्यांचे हात जोडलेले होते. ज्यानं स्वतःची परीक्षा बुडवलेली असते त्याला दुसऱ्याच्या परीक्षेपुढं काय बोलता येणार. मी पिशवी भरली. पोरगी वरच्या खिडकीत मोठ्यानं इतिहास पाठ करत होती, मला पाहून तिचा आवाज जरा हळू झाला.

स्टँडवर गाडी लागलेली होती. मी चढलो, मागच्या सीटवर टॉवेल डोक्यावरून घेऊन बसलो. शेजारी एक बाई, मांडीवर पाच-सहा महिन्यांचं बाळ. टॉवेल जरा सरकला. तिनं बाळाला ह्या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं, एवढंच. मी उठलो आणि उतरलो. मला कुणीही उतर म्हटलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो.

स्टँडबाहेर एका झाडाखाली बसलो. ऊन चढलं होतं आणि मला थंडी वाजत होती. समोरून माणसं जात होती. काहीजण बघायचे आणि जरा लांबून वळसा घालून जायचे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण दोनेक तास लोक तुमच्याभोवती असा वळसा घालून जायला लागले की आत काहीतरी बसत जातं. आपण माणूस नाही, रस्त्यावरचा खड्डा आहोत असं वाटायला लागतं. आईची आठवण येत होती. आणि आठवणीपेक्षा भीती मोठी होती, कारण देवी अंगावर आल्यावर जे जे पाळायचं ते इथं पाळणार कोण. डहाळी नाही, निंबाच्या पाण्याची आंघोळ नाही, तेलातुपाचा वास वर्ज्य करायचा तर इथं चहूकडून वडे तळल्याचाच वास. लहानपणी शेजारच्या घरात एक पोर गेलं होतं. त्या घरात फोडणी पडली म्हणून देवी कोपली, असं सगळं गाव बोलायचं. मी सहा वर्षांचा होतो. सहाव्या वर्षी ऐकलेलं हाडात जातं.

गडहिंग्लजची गाडी आली. तिच्यातून पांढऱ्या सुती साडीतल्या एक ठेंगण्या बाई उतरल्या, काखेत छत्री, हातात कापडी पिशवी. चुलतबहिणीच्या मातीला जाऊन आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या माझ्यासमोरून पुढं गेल्या. सहा-सात पावलं गेल्यावर थांबल्या. परत आल्या.

"काय रे, किती दिवस झाले?"

"तीन."

त्यांनी उलटा हात माझ्या कपाळावर ठेवला. मी अंग चोरलं. "हात नका लावू. देवी आल्यात."

"मला लहानपणीच येऊन गेल्यात. एकदा आल्या की सहसा परत येत नाहीत. तुझ्या देवीचा तेवढा नियम पक्का आहे." हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "घर कुठं?"

"हिंगोलीकडं. परभणीच्या पुढं."

"ह्या तापात? अर्ध्या वाटेत आडवा होशील. चल."

"कुठं?"

"आधी ऊठ तर. कुठं ते रिक्षात बसल्यावर सांगते. तुला पत्ता सांगितला तरी काय कळणार आहे?"

त्यांचा हात उठवायला माझ्या दंडाला होता. कशानं मेलो असतो, ते हे. त्या झाडाखाली कुणाचाच हात न लागता.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत लाकडी बाक, भिंतीवर कोकराला खांद्यावर घेतलेल्या मेंढपाळाचं चित्र, दाराच्या चौकटीवर वर लहानसा क्रूस. फिनेलचा वास आणि त्याच्या आतून कांदा-लसणाच्या चटणीचा झणझणीत वास. मला आतल्या खोलीतली खाट मिळाली. तोवर मी कुठल्या ख्रिस्ती घरात गेलो नव्हतो. काय बोलावं, कशाला हात लावावा, काही कळेना. ताप पाहून झाला, गोळी देऊन झाली. मग बाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता सांग. तुझी आई इथं असती तर तिनं काय काय केलं असतं?"

"काही नाही."

"खोटं बोलू नको. मघापासून दाराकडं बघतोयस."

मग मी सांगितलं. दाराला कडुनिंब बांधतात. उशाशी पाला ठेवतात. घरात फोडणी घालत नाहीत, काही तळत नाहीत, मटण-मासळी नाही. चपला घालून कुणी आत येत नाही. फोड वाळले की निंबाच्या पाण्यानं आंघोळ, मग झाडाखाली दहीभात ठेवून देवीला वाटेला लावायचं. बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर एकाखाली एक सगळं लिहून घेतलं, डॉक्टर केसपेपरवर ऑर्डर लिहितात तसं. मधे दोनदा थांबवून विचारलं. "ताक चालतं? बिनफोडणीचं वरण चालतं?" लिहून झाल्यावर कागद माझ्या उशाशी खिळ्याला टोचला.

"पण तुमच्या घरात हे कसं चालंल बाई?"

"माझ्या घराचं मी बघते." स्टूल जरा खाटेजवळ ओढलं. "हे बघ, माझा ह्याच्यावर विश्वास नाही, ते तुला फसवून सांगणार नाही. हा आजार आहे आणि तो आपल्या वेळेनं जातो. पण तुला ताप आहे आणि वर भीतीही आहे. तापाची गोळी माझ्याकडं आहे. भीतीची नाही. ती तुझ्या आईकडची आहे, तर तिच्याकडची चालू करू."

आणि त्या खरोखरच गेल्या, कोपऱ्यावरच्या झाडाची डहाळी घेऊन आल्या, स्टुलावर चढल्या आणि क्रुसाच्या खाली सुतळीनं बांधली.

बिनफोडणीच्या त्या दिवसांची चव अजून जिभेवर आहे. मऊ भात, साधं वरण, ताक, चिमूटभर मीठ. माझं ठीक होतं, मला तशीही चव नव्हती. पण बाई कोल्हापूरच्या. सकाळी न्याहारीला चटणी नसली तर त्यांना दिवस उगवल्यासारखा वाटत नसे. चटणीची बरणी त्यांनी फळीच्या अगदी वर, डब्यांच्या मागं ठेवून दिली होती. दुपारी शेजारी लसणाची फोडणी पडली की त्या मागच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. मी खाटेवरून बघायचो.

"शेजारी जाऊन खाऊन या की बाई."

"आणि तुझ्या देवीला वास आला मग? माझी तिची ओळख नाही, उगं कशाला विषाची परीक्षा." आणि हसायच्या.

ते दिवस त्यांच्याही उपवासकाळाचे होते, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. बाई एरवी उपवास करत नसत, वॉर्डात उभं राहणाऱ्या बाईला उपाशी राहून चालत नाही म्हणायच्या. त्या वर्षी घरात तेलाचा थेंब तापत नाही हे गल्लीतल्या ख्रिस्ती बायकांच्या लक्षात आलं. एकजण कौतुकानं म्हणाली, "रूथबाईंनी यंदा कडक धरलंय हं." बाईंना खोटं बोलता येत नाही, तीच त्यांची अडचण. "माझा उपवास नव्हे हा. घरात एक पोरगा आहे, त्याच्या देवीचा आहे." झालं. बातमी गल्ली ओलांडून गेली.

दिवसातून दोनदा त्या माझ्या पाठीला गुलाबी औषध लावायच्या. कापसाचा बोळा एकेका फोडावर टेकवत, वरून खाली. लावताना गुणगुणायच्या, नेहमी एकच चाल. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "द्या, मी लावतो."

"पाठीवर कसा लावशील? डोळे आहेत का तिकडं?"

"तुमच्या हाताला घाण लागतीय."

बोळा थांबला. "आमच्या प्रभूकडं एक महारोगी आला होता. नुसतं बरा हो म्हटलं असतं तरी तो बरा झाला असता. पण आधी हात लावला. मला नेहमी वाटतं, रोग गेला ती पुढची गोष्ट. त्या माणसाला किती वर्षांत कुणी हात लावला नसेल, त्याला आधी काय झालं असेल?" मग बोळा परत चालू झाला. "पवित्र शास्त्रातलं मला एवढंच कळलंय. बाकीचं देवळातल्या पाळकसाहेबांना विचार."

उशीत तोंड घालून पडून राहिलो. सावकाश, एकेक करून, औषध गार लागत होतं.

कुठून तरी पत्ता काढून बाळू आठव्या दिवशी आला. खिडकीच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभा राहून ओरडला, "पावणं, जित्ता हाईस न्हवं?" मी हाव म्हटलं. "जित्ता हाय, जित्ता हाय," असं स्वतःशीच म्हणत त्यानं पुढं येऊन केळ्यांचा घड खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि पळाला. जाताना आण्णांच्या पोरीचे पेपर सोपे गेले म्हणून सांगून गेला. मला उगाचच स्वतः पास झाल्यासारखं वाटलं.

त्या काळात शुक्रवारी संध्याकाळी बायका एकेकीच्या घरी प्रार्थनेला जमत. त्या शुक्रवारी पाळी रूथबाईंची होती. त्यांनी दुपारीच सतरंजी झटकली, बारा जणींचा चहा चुलीवर चढवला. मी आतल्या खोलीत पडद्यामागं होतो. बायका आल्या आणि दारातच थांबल्या. पुढं एस्तेरबाई होत्या, निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाच्या प्रमुख. त्यांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा होता.

"सलाम, रूथबाई. हे काय दाराला?"

"सलाम. कडुनिंब आहे."

"ते दिसतंय. कशाला?"

"आत पोरगा आहे, कांजिण्या झाल्यात. लांबचा आहे, घाबरलाय."

"मग औषध द्या की. तुम्ही नर्स ना?"

"ते पण देते."

एस्तेरबाईंचा आवाज आता खाली आला होता, आणि त्यामुळंच मला तो जास्त लागला. "रूथबाई, माझ्या आज्यानं ही डहाळी बांधायला नाही म्हटलं होतं. गावात साथ होती. ह्याच्यामुळं देवी कोपली म्हणून गावानं त्याला बायकापोरांसकट बाहेर काढलं, पाणी तोडलं. त्याचा एक मुलगा वाटेत गेला. आणि तुम्ही क्रुसाखाली तीच बांधून बसलात. मी हिच्याखालून कशी येऊ, सांगा."

"मी विश्वासानं नाही बांधली, एस्तेरबाई. त्याच्या आईच्या जागी बांधलीय."

"ते तुमचं मन जाणतं. बघणाऱ्याला दार दिसतं." मग जरा अडखळून म्हणाल्या, "तुमच्या तव्यावरची भाकर यंदा प्रभूच्या मेजावर कशी ठेवायची, ते आम्हाला बघावं लागेल."

त्या भाकरीचं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. बायका दुसऱ्या घरी प्रार्थनेला गेल्यावर बाईंनी सांगितलं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी देवळात प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूनं शिष्यांबरोबर जेवलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण. पाळक भाकर मोडतात, सगळी मंडळी एकेक तुकडा खाते. ती भाकर बाईंच्या आईकडून बाईंकडं आलेली होती. गहू स्वतः निवडायचे, दळायचे, बिनमिठाची पातळ पोळी वेगळ्या तव्यावर भाजायची. बाईंना मूलबाळ नव्हतं, नवरा तरुणपणीच गेलेला. वर्षाकाठी ह्या एका गोष्टीसाठी सगळी मंडळी त्यांच्या दाराकडं बघायची.

"माझ्यामुळं झालं," मी म्हटलं.

"तुझ्यामुळं चहा झालाय बारा कप. ऊठ, संपवायला लाग."

आम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत तो चहा पीत होतो. बाई विनोद करत होत्या. मधूनच त्यांची नजर भिंतीला टेकवून ठेवलेल्या सतरंजीकडं जायची.

पुढचे पाच दिवस मी तेवढाच विचार केला. फोडांवर खपल्या धरायला लागल्या होत्या. बुधवारी बाई बाजारात गेल्या. मी भिंत धरधरून दारापर्यंत आलो, स्टुलावर चढलो आणि डहाळी सोडली. सुतळीची गाठ सुटता सुटेना. उतरल्यावर तोंडानं देवीची माफी मागितली, डहाळी खाटेखाली सरकवली आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. आता काहीतरी होणार, डोळे जाणार, ताप परत चढणार, असं वाटत होतं. पण भाकर राहील, असंही वाटत होतं.

बाई आल्या. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या खाटेच्या कडेला येऊन बसल्या.

"कुणी काढली?"

"मी."

"भीती गेली म्हणून काढलीस की माझ्यासाठी?"

मी पांघरुणातच राहिलो.

"तुला विचारतेय."

"तुमची भाकर..."

"भाकरीचं विचारलं नाही. भीती गेली का?"

"नाही."

"किती आहे?"

"लई आहे बाई."

त्या उठल्या. मला वाटलं चुलीकडं गेल्या असतील. त्या कोपऱ्यावर गेल्या होत्या. ताजी डहाळी घेऊन आल्या, मोहोरासकट. भर दुपारी, येणारे-जाणारे बघत असताना, साठीची बाई स्टुलावर चढली आणि पहिल्यापेक्षा घट्ट गाठ मारली. उतरल्यावर धाप लागली होती. धाप लागलेलीच असताना म्हणाल्या, "माझी भाकर मला तुझ्या भीतीवर भाजायची नाही."

गुरुवारी भाकर एस्तेरबाईंच्या घरून गेली. बाई पांढरी साडी नेसून देवळात गेल्या. घंटा माझ्या खाटेपर्यंत ऐकू आली. मी कागदावरची यादी परत परत वाचत पडलो होतो, दुसरं काही वाचायलाच नव्हतं. परत आल्या तेव्हा अजून संधिप्रकाश होता. पाय धुतले, बाकावर बसल्या. "एस्तेरनं सवयीनं मीठ टाकलं जरासं," म्हणाल्या. "पण चांगली होती. मऊ होती." मग उठून कोनाड्यातला तो वेगळा तवा काढला, त्याला तेलाचं बोट फिरवलं, जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळला आणि चटणीच्या बरणीच्याही मागं, फळीवर ठेवून दिला. ते सगळं त्यांनी इतक्या हळूहळू केलं की मला बघवेना.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बाई, तुम्हाला कशाची भीती वाटते का?"

मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. "आहे एक. आमच्यात माणूस गेलं की मातीच्या वेळी गीत म्हणतात. आमच्याकडं रीत अशी की पहिली ओळ घरच्या माणसानं उचलायची, मग मंडळी साथ देते. गडहिंग्लजला त्या दिवशी बहिणीची ओळ मी उचलली. येताना गाडीत तेच डोक्यात होतं." खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मंडळी म्हणेलच की. वाईट नाहीत कुणी. पण पहिल्या ओळीला कोण थांबेल न् कोण कुणाकडं बघेल, ती जी क्षणभराची शांतता असेल ना, तिची भीती वाटते. वेडेपणाच आहे. मेलेल्या माणसाला काय ऐकू येतंय."

मी हातातला यादीचा कागद परत खिळ्याला टोचला.

ईस्टरच्या दिवशी सकाळी दार वाजलं. एस्तेरबाई. हातात रुमालानं झाकलेली केकची ताटली. त्या डहाळीसमोर थांबल्या. किती वेळ थांबल्या कोण जाणे, मला तो फार वाटला. मग मान खाली घालून, डोक्याला पाला लागू न देता आत आल्या. चपला त्यांनी बाहेरच काढल्या होत्या. यादीतलं हे कलम त्यांना कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. की आज्याच्या घरातून ते त्यांच्याही हाडात आलेलं होतं.

"खाज कमी झाली का रे?"

"हाव."

"हाव म्हणतो बघा," त्या रूथबाईंना म्हणाल्या. डहाळीकडं त्यांनी परत पाहिलं नाही. पण माझ्या कपाळावर हात ठेवला, खपल्यांवरच, आणि तो लगेच उचलला नाही.

दोन दिवसांनी निंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली. बाईंनी दहीभात कालवून वाटीत दिला. "करून देते. ठेवायला तू जा. माझा हात तिथं जायचा नाही, तेवढं समजून घे." मी कोपऱ्यावरच्या झाडाखाली ठेवून आलो. परत येतो तर घरातून मोहरी तडतडल्याचा आवाज, मागोमाग लसूण, कढीपत्ता. बाई चुलीसमोर डोळे मिटून उभ्या होत्या. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "सिस्टरबाई, सुटलासा की." त्या दिवशी मी चटणी मागून घेतली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली. पाणी तिखटाचं होतं असं दोघंही धरून चाललो.

भाकर मात्र परत आली नाही. पुढच्या वर्षीपासून ती पाळीपाळीनं भाजायची असं मंडळीत ठरलं. कुणी दुष्टपणानं ठरवलं नाही. बाईंच्या वाट्यालाही मधेअधे पाळी यायची. पण जे घराचं होतं ते पाळीचं झालं, आणि त्याबद्दल इतक्या वर्षांत बाई एक शब्द बोललेल्या नाहीत.

पुढं माझी आई एकदा कोल्हापूरला आली. जोतिबा करून आल्यावर तिला बाईंकडं नेलं. ती बाईंच्या पाया पडायला वाकली तर बाई मागं सरता सरता बाकावरच बसल्या. कॅलेंडरचा तो कागद बाईंनी आपल्या बायबलात ठेवलेला होता, तो काढून दाखवला. आईला वाचता येत नाही, मी वाचून दाखवला. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मीठ-मिरची उतरायची राहिली की." बाईंनी पेन्सिल मागवून तेही खाली लिहिलं.

एका नाताळात बाईंनी मला देवळात बोलावलं होतं. पाळकसाहेब वाटेवर पडलेल्या एका जखमी माणसाची गोष्ट सांगत होते. दोघंजण त्याला पाहून पलीकडच्या बाजूनं निघून जातात, तिसरा थांबतो. मला ते स्टँडबाहेरचं झाड दिसायला लागलं. मी वळून बाईंकडं पाहिलं. बाई पेंगत होत्या.

आता दोन हजाराचं साल उलटूनही बरीच वर्षं झाली. मी अजून फौंड्रीतच आहे, हाताखाली माणसं आहेत. लग्न झालं, कोल्हापुरातच राहिलो. अजूनही घाबरट आहे आणि अजूनही हाव म्हणतो. मधे एक नवीन कामगार कावीळ होऊन खोलीवर पडला, तेव्हा मी आधी दारातच थांबलो होतो. खरं सांगतो, थांबलो होतो. मग तो बोळा पाठीवर गार लागल्यासारखं वाटलं आणि आत गेलो.

बाईंचे हात आता थरथरतात, डोळ्यांनी नीट दिसत नाही. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडं जातो आणि त्यांना गीताचं पुस्तक वाचून दाखवतो. नववीत सोडलेली शाळा, त्यात जुनी भाषा. जोडाक्षर आलं की मी अडतो, आणि बाई पुढचा शब्द न बघता सांगतात. त्या जी चाल गुणगुणायच्या ते गीत कुठल्या पानावर आहे ते मी शोधून ठेवलंय. घरी न्हाणीघरात म्हणून बघतो. बायको बाहेरून म्हणते, "कोण कापतंय का तुम्हाला?" चाल वर चढते तिथं माझा आवाज फाटतो. बाईंना हे मी सांगितलेलं नाही. मी ख्रिस्ती नाही. त्या गीतातलं सगळं मला पटतं का, तेही मला ठाऊक नाही. पण बाईंचा कडुनिंबावर कुठं विश्वास होता.

बाई, भाकर मी तुम्हाला परत आणून देऊ शकलो नाही, आणि आता ते माझ्या हातात नाही. पण ती वेळ येईल तेव्हा देवळात मी पुढं उभा असेन. कुणी कुणाकडं बघणार नाही. शांतता पडायच्या आत पहिली ओळ मी उचलीन, फाटक्या आवाजात का होईना, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी.